आमच्या तालुक्याच्या बातमीवाल्या ताई : बुलेटिन, शोधबातमी आणि पोटापाण्याचा प्रश्न

अडाणकाठ (धागाकर्ता)

आमच्या तालुक्याच्या बातमीवाल्या ताईंनी बुलेटिन वाचणं थांबवलं. आधी केबलवर आणि मग मोबाइलवर, जवळपास दोन दशकं त्या बातमी वाचत होत्या. त्यातली निम्मीअधिक त्यांनी स्वतः खेडोपाडी जाऊन आणलेली असायची. तालुका यवतमाळ जिल्ह्यातला, इतकंच लिहितो. नाव-गाव टाकू नको असं त्यांनीच बजावलंय. ज्यांची प्रकरणं त्यांनी बाहेर काढली ती माणसं आजही त्याच बाजारात भेटतात, आणि ज्यांनी भरवशाने कागद दिले तीसुद्धा.

नागपूर-मुंबईच्या अँकरांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. तालुक्याच्या ठिकाणी हे काम कसं चालतं, कशाच्या जोरावर टिकतं, यावर कोणी फारसं लिहीत नाही. म्हणून हा धागा.

केबलचा तो काळ ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. केबलचालकाच्या कंट्रोल रूमच्या वर एक खोली. मागे निळा पडदा, समोर दोन हॅलोजन आणि पुढून प्लायवूड ठोकलेलं टेबल. प्रॉम्प्टर नाही. ताई हाताने लिहिलेले कागद ठेवून वाचायच्या. प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर, आकडे अक्षरांत, आणि जिथे मान वर करून कॅमेऱ्याकडे पाहायचं तिथे लाल पेनाची खूण. कूलरची घरघर माइकमध्ये येते म्हणून वाचन चालू असेतो कूलर बंद. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या आसपास असतो, त्यात हॅलोजनची आच. तरी पंधरा मिनिटांत आवाज कधी घाईला आलेला ऐकला नाही.

बुलेटिनात आधी बाजार समितीचे कापूस-तूर-सोयाबीनचे भाव, मग भारनियमनाचं वेळापत्रक, निधन वार्ता, हरवलं-सापडलं, आणि मग बातम्या. ज्या भागात संध्याकाळी लाइन नसायची, त्यांच्यासाठी रात्री लाइन आल्यावर तेच बुलेटिन पुन्हा लावायचे. त्यामुळे ताईंचा चेहरा गावागावांत घरचा झाला. आठवडी बाजारात भाजी घेताना बाया त्यांना थांबवून सांगायच्या, "ताई, आमच्याकडं निराधारचे पैसे आले नाही हो." अर्धी शोधबातमी अशीच, मेथीच्या जुडीसोबत हातात यायची.

त्यांचं पहिलं मोठं काम शेतकरी आत्महत्यांच्या पात्र-अपात्र प्रकरणांवरचं. शासनाची मदत एक लाखाची, त्यातले ३० हजार रोख आणि ७० हजार पोस्टात ठेव. ती मिळायची तर जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीने प्रकरण पात्र ठरवायला हवं. कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं असेल तरच धरतात. आता आमच्याकडे गरजेचा पैसा बिनपरवान्याच्या सावकाराकडूनच येतो आणि मक्त्याने (भाडेपट्ट्याने) केलेली शेती कागदावर दिसतच नाही. ताई अपात्र ठरलेल्या घरी जायच्या. काय बियाणं घेतलं, कुठून घेतलं, दुकानदाराची उधारी किती, लेकीच्या लग्नाला कोणाकडून उचल केली, हे वहीत उतरवून घ्यायच्या आणि समितीचं 'कारण' नावाचं एका ओळीचं वाक्य आणि घरच्यांनी सांगितलेला हिशेब बुलेटिनात एकापाठोपाठ एक वाचायच्या. स्वतःचं एकही वाक्य घालायच्या नाहीत. काही प्रकरणं फेरतपासणीला गेली, काही घरांना पैसे मिळाले. बऱ्याच घरांना मिळाले नाहीत, तेही त्यांनी पुढच्या वर्षी जाऊन सांगितलं.

दुसरं मोठं काम २०१७ च्या पावसाळ्यातलं. जुलै ते ऑक्टोबर या काळात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक कास्तकार-मजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. वरच्या वाहिन्या आल्या तोवर ऑक्टोबर उजाडला होता. ताईंनी त्याआधीच दोन-तीन गावांतल्या मजुरांच्या घरी जाऊन पंप, औषधांचे डबे आणि त्यावरचं बारीक अक्षरातलं लेबल कॅमेऱ्यावर घेतलं होतं. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, त्या वर्षी डोक्याच्या वर गेली होती. तिच्यात शिरून, बॅटरीवरच्या नव्या पंपाने, दोन-तीन औषधं मिसळून फवारणी चालली होती. तोंडाला दुपट्टा, हातात काही नाही. एका मजुराच्या हातात त्यांनी डबा दिला आणि विचारलं, यावर काय लिहिलंय? त्याने डबा फिरवून फिरवून पाहिला आणि परत दिला. तेवढाच तुकडा त्यांनी दाखवला. पुढे चौकशी पथकाच्या अहवालात पिकाची उंची, नवे पंप, औषधांचं मिश्रण हेच मुद्दे आले. बाधित कुटुंबांपैकी काहींनी तर औषध बनवणाऱ्या कंपनीविरुद्ध स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या कोर्टापर्यंत धाव घेतली.

आता माझा मूळ मुद्दा. तालुक्याला जाहिरात देणारा, कंत्राट घेणारा आणि निवडणूक लढवणारा माणूस बरेचदा एकच असतो. त्याच्याविरुद्धची बातमी लावायची आणि दिवाळी अंकाच्या जाहिरातीसाठी त्याच्याच दारात उभं राहायचं, हे जमत नाही. ताईंनी पहिल्यापासून ठरवलं होतं की पोट बातमीवर चालवायचं नाही. तहसीलसमोर त्यांचं झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटोचं दुकान. केबलच्या जाहिराती चालक पाहायचा, ताई त्यात पडल्या नाहीत, कमिशनला हात लावला नाही. माझ्या मते त्यांची सगळी पत्रकारिता त्या झेरॉक्स मशीनवर उभी होती. तुमच्या भागात ज्यांनी असं काम केलं, त्यांनी कसं निभावलं, हे लिहा.

काळंवावर

हाव भाऊ, मले चांगलं आठवते. आमच्या घरी टीव्ही नोयता, बाजूच्या काकाजीच्या घरी पाहाले जावो. माहा बाप बातम्यासाठी नाही, भारनियमनाचा टाइम आयकाले बसे. ताई म्हने, थ्री फेज रात्री बारा ते सकाळी सहा, की बाप लगेच बॅटरी शोधे ओलिताले जायासाठी. एक डाव तिनं आमच्या गावच्या रेशन दुकानाची बातमी लावली. पुढच्या महिन्यात दुकानावर बोर्ड लागला, भाव अन् शिल्लक माल लिवलेला. त्याच्या आधी आमच्या गावानं तो बोर्ड कधी पाह्यलाच नोयता.

जुना बूमवाला

धागा वाचून राहवलं नाही. मी वाशीम-अकोला भागात अनेक वर्षं स्ट्रिंगर, म्हणजे बातमीमागे पैसे घेणारा बिनपगारी वार्ताहर होतो, आता सोडलं. पैशाची बाजू मला जवळून माहीत आहे, ती लिहितो.

२००० साली ईटीव्ही मराठी आली तेव्हा पहिल्यांदा जिल्ह्या-जिल्ह्यात कॅमेरा घेतलेला माणूस उभा राहिला. आम्ही कॅसेट शूट करायचो, सोबत हाताने लिहिलेला मजकूर, वर पिशवी शिवायची आणि संध्याकाळच्या एसटीत कंडक्टरच्या हाती द्यायची. पिशवी नागपूरला वेळेत उतरली तर बातमी, नाही तर दुसऱ्या दिवशी शिळी. मग २००७-०८ मध्ये झी २४ तास, स्टार माझा, आयबीएन लोकमत अशा वाहिन्या एकामागून एक आल्या आणि वाटलं, आता खेड्याची बातमी मोठी होणार. झालं उलट. डेस्कला वाघ पाहिजे, पूर पाहिजे, खून पाहिजे. रोहयोच्या मस्टरवर (हजेरीपटावर) मेलेल्या माणसाचं नाव आहे म्हटलं की पलीकडून प्रश्न यायचा, "व्हिज्युअल काय आहे?" मस्टरचं व्हिज्युअल म्हणजे कागद. कागदावर वीस सेकंद कॅमेरा कोण ठेवणार?

पैसे स्टोरीमागे, आणि लागलेल्या स्टोरीमागे. शोधबातमीला आठ दिवस पेट्रोल जाळलं आणि ती लागली नाही तर आठ दिवस आपले. अपघाताची बातमी अर्ध्या तासात होते, लागतेही. महिनाअखेर हिशेब केला की माणूस आपोआप अपघाताकडे वळतो. तालुक्याचा मुलगा तर स्ट्रिंगरचाही स्ट्रिंगर. त्याला बूम (वाहिनीचा माइक) आणि ओळखपत्र मिळालं की झालं. वर जाहिरातीचं टार्गेट.

२००६ मध्ये लॅक्मे फॅशन वीकला मुंबईत ५१२ पत्रकार हजर होते आणि त्याच आठवड्यात विदर्भातल्या आत्महत्यांवर काम करणारे बाहेरचे पत्रकार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, हे ग्रामीण भागावर लिहिणारे पत्रकार पी. साईनाथ यांनी तेव्हाच सांगितलं होतं. त्याच वर्षी पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात येऊन गेले, सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं, तेव्हा थेट प्रक्षेपणाच्या ओबी व्हॅन रांगेने आल्या. पंतप्रधान गेले, व्हॅन गेल्या. पॅकेजमधल्या दुधाळ जनावरांचं पुढे काय झालं, हे विचारायला आम्ही स्थानिकच उरलो आणि ते दाखवायला कोणी तयार नव्हतं.

आणि 'पॅकेज' म्हटलं की २००९ ची विधानसभा निवडणूक. उमेदवाराकडून पैसे घेऊन बातमीच्या रूपात जाहिरात. प्रेस कौन्सिलने या प्रकारावर २००९ मध्येच चौकशी समिती नेमली होती, २०१० मध्ये अहवाल झाला. त्या निवडणुकीत मला दरपत्रक दिलं गेलं होतं, मुलाखत इतके, सभा इतके. ताई केबलवर काय करत होत्या त्या वेळी, अडाणकाठ?

पऱ्हाटी

मी अमरावती जिल्ह्यात काही वर्षं जिल्हा वाहिनीवर बातम्या वाचल्या आणि फिल्डवरही गेले. दोन गोष्टी लिहाव्याशा वाटतात.

पहिली, बाई असल्याचा फायदा. हा फार कोणी सांगत नाही. आत्महत्येच्या घरी पुरुष पत्रकार गेला की ओसरीवर बसतो, दीर किंवा सासरा बोलतो, त्या बाईचा बाईट घुंगटातून दोन वाक्यांचा. मला चुलीपाशी जाता यायचं. तिथे ती बोलते. सावकार कोण, मंगळसूत्र कधी गहाण पडलं, मदतीचा चेक आला तेव्हा सासरच्यांनी अंगठा कुठे घेतला, हे ओसरीवर कधीच निघत नाही. सातबारा तिच्या नावावर नाही, म्हणून मदत, कर्ज, पीकविमा कशातच ती नाही. हे मला चुलीपाशी कळलं आणि मग मी तहसीलात जाऊन वारसनोंदी पाहायला लागले. आमच्याकडे विधवांच्या वारसफेरफारावर जी बातमी झाली तिची सुरुवात भाकरी थापणाऱ्या एका बाईच्या एका वाक्यातून झाली होती.

दुसरी, त्याची किंमत. मेळघाटात धारणीकडून परतायला उशीर झाला की शेवटची गाडी गेलेली असायची, मग ओळखीच्या आशाताईंकडे मुक्काम. सकाळी गावभर चर्चा. बातमी चुकीची आहे असं म्हणता येत नाही तेव्हा बाईबद्दल बोलतात, हे मी स्वतः सोसलंय. ज्या संस्थेसाठी काम करत होते तिने त्या वेळी पाठीशी उभं राहायचं सोडून "तुम्ही स्टुडिओतच बसा" असं सांगितलं. स्टुडिओत बसवणं ही शिक्षा होती आणि बाहेरच्या जगाला ती बढती दिसत होती. अडाणकाठ यांच्या ताई दोन्ही करत राहिल्या, वाचणंही आणि खणणंही, यासाठी मला त्यांचा फार आदर वाटतो.

झेरॉक्सच्या दुकानाबद्दल एक विचारायचं आहे. तहसीलसमोरचं दुकान म्हणजे लोकांचे कागद रोज डोळ्यांसमोर. लोकांनी विश्वासाने दिलेला कागद आणि बातमी, ही रेघ त्या कशी पाळायच्या?

धुरा

मला थोडं वेगळं म्हणायचं आहे. ताईंबद्दल आदर आहेच. पण आज आमच्या तालुक्यात दर तिसऱ्या मोटारसायकलवर 'प्रेस' लिहिलेलं आहे. रेतीघाटावर रात्री टिप्पर अडवायला जाणारे अर्धे लोक बातमीसाठी जात नाहीत. व्हिडिओ काढायचा, मालकाला पाठवायचा, व्यवहार झाला की व्हिडिओ पुसायचा. ग्रामसेवकाला, मुख्याध्यापकाला, स्वस्त धान्य दुकानदाराला माहिती अधिकाराचा अर्ज टाकायचा आणि अर्ज मागे घ्यायचे पैसे घ्यायचे. मी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, हे आम्ही दर वर्षी भोगतो. त्यांनाही लोक शोधपत्रकारच म्हणतात. सामान्य माणसाने ओळखायचं कसं?

अडाणकाठ

तिघांनाही एकत्र उत्तर देतो.

बूमवाला, २००९ च्या निवडणुकीत केबलचालकाने पॅकेज घेतलं होतं. ताईंनी सांगितलं, लावायचं तर जाहिरातीच्या पाटीखाली लावा, मी वाचणार नाही. चालकाने दुसरा मुलगा बसवून वाचून घेतलं. निवडणूक होईपर्यंत ताई बुलेटिनला बसल्या नाहीत, दुकानात बसल्या. लोक दुकानात येऊन विचारायचे, ताई आजारी आहेत का? त्या खरं कारण सांगायच्या, प्रत्येकाला. निकालानंतर चालकानेच परत बोलावलं. दुकान नसतं तर हे शक्य झालं नसतं, म्हणून मी मशीनचं इतकं म्हणतो.

पऱ्हाटी, तुमचा प्रश्न मी त्यांना फोन करून विचारला. दुकानात आलेल्या कागदाची जास्तीची प्रत त्यांनी कधी काढली नाही. एखादा कागद खटकला तर त्या त्या माणसाला विचारायच्या, "दादा, यावर काही करायचं आहे का?" तो हो म्हणाला तर त्याच्याकडून लेखी घेऊन, नाही म्हणाला तर विषय संपला. मग तोच कागद कार्यालयातून रीतसर मागायच्या. बातमीत दाखवलेला कागद नेहमी कार्यालयाच्या शिक्क्याचाच असायचा, त्यामुळे कोणी दिला हे कधी कळलं नाही.

धुरा, तुमचं म्हणणं खरं आहे आणि त्याने खऱ्या कामाचं सगळ्यात जास्त नुकसान होतं. मला दिसलेला फरक असा: ताई ज्याच्याविरुद्ध बातमी असेल त्याच्याकडे आधी जायच्या, दिवसा, कार्यालयात, सगळ्यांसमोर. त्याचं म्हणणं पूर्ण दाखवायच्या. माहितीचा अर्ज टाकला की त्याचं उत्तर बुलेटिनात वाचायच्याच, त्यात काही गैर निघालं नाही तरी. एका शाळेच्या पोषण आहाराची तक्रार आली होती. कागद पाहिले, तांदळाची नोंद चोख निघाली. त्यांनी तसं वाचलं, मुख्याध्यापकांचं नाव घेऊन.

वर्धेचा कागदवाला

मी पत्रकार नाही, निवृत्त लिपिक आहे. आमच्या भागातल्या दोन-तीन तरुण पोरांना कागद वाचायला मदत करतो. शोधबातमी म्हणजे छुपा कॅमेरा असं पोरांना वाटतं. खेड्यातली बहुतेक प्रकरणं उघड्या कागदांतच असतात.

मनरेगाचं उदाहरण घ्या. संकेतस्थळावर गावाचं मस्टर, कामाचं नाव, कोणाला किती दिवसांची मजुरी गेली, सगळं कोणालाही पाहता यायचं. एका पोराने मस्टर काढलं आणि ग्रामपंचायतीच्या मृत्यू नोंदवहीशी ताडून पाहिलं. तारखा जुळवल्या की प्रश्न समोर येतो. त्यानंतर त्याच कामावर जाऊन पाहायचं: शेततळं आहे का, आहे तर लांबी-रुंदी मोजमाप पुस्तिकेत लिहिल्याएवढी आहे का. टेप घेऊन मोजा. मोजमाप पुस्तिका, म्हणजे एमबी, हा एक कागद वाचता आला तर तालुक्यातल्या निम्म्या बांधकामांची बातमी करता येते.

माहिती अधिकार २००५ चा. अर्जाला १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प. महाराष्ट्रात अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत पाहिजे. पोरं इथेच फसतात, पाच विषय एका अर्जात घालतात आणि फेटाळला जातो. तीस दिवसांत उत्तर, नाही तर पहिलं अपील, मग आयोगाकडे दुसरं. आपल्याकडे आयोगाची खंडपीठं नागपूर आणि अमरावतीला आहेत. दुसऱ्या अपिलाला तारीख मिळायला इतका वेळ जातो की तोवर सरपंच बदलतो. म्हणून मी सांगतो, प्रती मागण्याआधी अभिलेख पाहणीचा अर्ज करा. पहिल्या तासाचे पैसे लागत नाहीत. समोर बसून फाइल चाळली की नेमका कोणता कागद मागायचा ते कळतं, आणि टिपणी पानावर कोणी काय शेरा मारला तेही दिसतं.

आता एक अडचण वाढली आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातलं वैयक्तिक माहितीचं पोटकलम बदललं. आधी त्यातच व्यापक जनहिताची अट होती, ती गेली. आता अर्जात कलम ८(२) मधल्या जनहिताचा मुद्दा स्पष्ट लिहायला हवा. लाभार्थ्यांची नावं मागितली की 'वैयक्तिक' म्हणून नाकारण्याची सोय झाली आहे. मृत माणसाच्या नावावर मजुरी उचलली हे नावाशिवाय सिद्ध कसं करायचं, सांगा.

अजून एक. पीक नुकसानीच्या बातमीत पोरं फक्त झोपलेलं सोयाबीन दाखवतात. गावची पैसेवारी (नेहमीच्या मानाने पीक किती आलं याचा सरकारी अंदाज) ५० च्या वर लागली की खाली, पीक कापणी प्रयोग कोणत्या वावरात झाला आणि तिथे कोण हजर होतं, हे विचारा. सवलती मिळणार की नाही हे तिथे ठरतं.

इंद्रावती

गडचिरोली जिल्ह्यातल्या सिरोंचाकडून लिहितो. तुम्ही सगळे पैशाबद्दल बोलताय, आमच्याकडे त्याआधी जिवाचा प्रश्न येतो.

नदीच्या पलीकडे छत्तीसगडचा बिजापूर जिल्हा. तिथला मुकेश चंद्राकर. स्वतःचं 'बस्तर जंक्शन' नावाचं यूट्यूब चॅनल चालवायचा, मोठ्या वाहिन्यांना बातम्या द्यायचा. रस्त्याच्या कामातल्या भ्रष्टाचाराची बातमी आली आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा मृतदेह कंत्राटदाराच्या आवारातल्या सेप्टिक टँकमध्ये सापडला. त्याच्या बातम्या आमच्याकडे रोज पाहिल्या जायच्या. गोंडी, हलबी, हिंदी काहीही बोलायचा, नाल्यातून मोटारसायकल काढत जायचा. आपल्या राज्यात फेब्रुवारी २०२३ मध्ये रत्नागिरीत शशिकांत वारिशे यांना गाडीखाली चिरडलं.

महाराष्ट्रात पत्रकारांवरच्या हल्ल्याविरुद्ध २०१७ चा कायदा आहे, २०१९ मध्ये लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा. चांगला कायदा. पण व्याख्या नोंदणीकृत वृत्तपत्र, वृत्तवाहिनी अशा संस्थांची आहे. एकट्याने मोबाइलवर चॅनल चालवणारा पोरगा त्यात बसतो का, यावर ठाण्यात वाद सुरू होतो आणि साधी एनसी (अदखलपात्र नोंद) लिहून घरी पाठवतात. आज खेड्यात बातमी करणारे बहुतेक तसलेच एकटे आहेत. अधिस्वीकृती कार्डही, म्हणजे पत्रकाराचं सरकारी ओळखपत्रही, त्यांच्याकडे नाही.

आमच्याकडे पोरांनी एक पद्धत लावली आहे. मोठ्या बातमीवर जाताना तीन वेगवेगळ्या तालुक्यांतल्या तिघांकडे कच्चं फुटेज आधी पाठवून ठेवायचं, आणि बातमी तिघांनी एकाच वेळी लावायची. एकाला दाबून उपयोग नाही हे समोरच्याला कळतं. नेटवर्क नसतं तिथून मेमरी कार्ड माणसाच्या हाती पाठवतात.

डिशअँटेना

केबलच्या बाजूने थोडं. आमचं चौदा-पंधरा गावांचं जाळं होतं. आधी ॲनालॉग असताना एक मॉड्युलेटर लावला की आपला चॅनल गावभर दिसायचा, कोणाची परवानगी लागायची नाही. डिजिटायझेशनचा चौथा टप्पा, म्हणजे ग्रामीण भाग, मार्च २०१७ ला आला. सेट टॉप बॉक्स लागले, सिग्नल शहरातल्या हेडएंडवरून (मुख्य केंद्रावरून) यायला लागला. आपला चॅनल दाखवायचा तर फीड तिथपर्यंत पोहोचवा आणि वरून पैसे भरा. आमच्यासारख्याला परवडलं नाही, स्थानिक बातम्या बंद केल्या. त्याच सुमारास मोबाइलचं इंटरनेट स्वस्त झालं आणि सगळे यूट्यूबवर गेले. पण केबलवर महिन्याला घराघरातून वर्गणी यायची, बातमीचा खर्च त्यातून निघायचा. यूट्यूबवर प्रेक्षक आहे, वर्गणी नाही. हा फरक कोणी फारसा लक्षात घेत नाही.

पऱ्हाटी

डिशअँटेना, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. अडाणकाठ म्हणतात की पोट बातमीवर चालवू नये. मला ते पूर्ण पटत नाही. ताईंना जमलं, दुकान होतं म्हणून. ज्या पोरीकडे दुकान नाही, नवऱ्याचा पगार नाही, तिने हे काम करायचंच नाही का? गावाने महिन्याला घरटी वीस-तीस रुपये द्यावेत आणि बातमी गावाची राहावी, हे केबलच्या काळात नकळत चालूच होतं. दुर्गोत्सवाची, भागवत सप्ताहाची पावती फाटते, तशी बातमीची फाटायला काय हरकत आहे? कोणाची किती पावती, हे दर महिन्याला बुलेटिनात वाचायचं. ठेकेदाराची घ्यायची नाही.

अडाणकाठ

पऱ्हाटी, हे मी ताईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, पावतीबुक कोणाच्या हातात राहील ते आधी ठरवा, ते पुढाऱ्याच्या हातात गेलं की बातमीही त्याच्याच हातात जाते. पण कल्पना त्यांना आवडली. त्यांच्याकडे बातमीचं काम शिकायला येणाऱ्या दोन मुलींपैकी एकीने तिच्या गावच्या महिला बचत गटाशी बोलणं सुरू केलं आहे. काय होतं ते इथेच कळवीन.

आणखी एक मदत पाहिजे. ताईंच्या घरी जुन्या कॅसेटचे दोन खोके आहेत, थोड्या सीडी पण. पात्र-अपात्रच्या घरांची मूळ चित्रणं त्यात आहेत, समोरच्याचं पूर्ण बोलणं, बुलेटिनात न गेलेलं. त्यातली बरीच माणसं आता हयात नाहीत. काहींवर पांढरी बुरशी दिसते. हे संगणकावर कसं उतरवायचं, आणि उतरवल्यावर ठेवायचं कुठे? घरच्यांना विचारल्याशिवाय काहीही सार्वजनिक करायचं नाही, असं ताईंचं म्हणणं आहे.

जुना बूमवाला

कॅसेट मिनी डीव्ही असतील. बुरशी असलेली एकही कॅसेट चालवून पाहू नका, हेड खराब होतं आणि मग चांगल्या कॅसेटही जातात. बुरशीच्या वेगळ्या काढा, कोरड्या खोलीत उभ्या ठेवा, उन्हात नको. माझ्याकडे जुना कॅमेरा आहे, फायरवायरने जोडता येतो, हेड अजून चांगलं आहे. कॅसेट जितक्या तासांची तितकाच वेळ लागतो, घाई करता येत नाही. आधी सीडी उतरवून घ्या, त्या लवकर मरतात. प्रत्येक कॅसेटच्या डबीवरचं ताईंच्या हातचं लिखाण फोटो काढून ठेवा, गाव आणि तारीख त्यावरच असणार.

ठेवण्यासाठी दोन हार्ड डिस्क, दोन वेगळ्या गावांत. दारव्ह्याला माझं येणं-जाणं असतं. व्यनि करा, खोके घ्यायला येतो.